विश्लेषण : प्रोस्टेटचा कर्करोग उलटला तर? जागा दाखवणारा स्कॅन आणि डहाणू-तलासरीतून सुरू होणारी वाट

प्रोस्टेट म्हणजेच पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर एकदा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाले, की रुग्ण आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. काही वर्षांनी रक्ताच्या तपासणीत एक आकडा वाढलेला दिसतो आणि पुन्हा सगळे सुरू होते. रोग कुठे लपला आहे हे अशा वेळी पूर्वी कळत नसे. आता ‘पीएसएमए पेट स्कॅन’ ही तपासणी काही मिलिमीटरची गाठही दाखवू शकते आणि त्या चित्राच्या आधारे निवडक रुग्णांवर शस्त्रक्रियाही होते. मात्र हे तंत्र मुंबईसारख्या महानगरात आहे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील रुग्णाला त्याचा लाभ मिळेल का, हे स्कॅनच्या यंत्राआधी गावाजवळच्या रक्ततपासणीवर ठरते. ते कसे, याचा हा आढावा.

कर्करोग उलटला, हे कळते कसे?

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. ती ‘पीएसए’ नावाचे प्रथिन तयार करते आणि त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढली, की काही आठवड्यांत रक्तातील पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवे. ते पुन्हा वाढून प्रति मिलिलिटर ०.२ नॅनोग्रॅम किंवा त्याहून अधिक झाले आणि दुसऱ्या तपासणीतही तसेच आले, तर रोग उलटल्याचे मानले जाते. किरणोपचार घेतलेल्या रुग्णात ग्रंथी शरीरातच असते. म्हणून तिथे निकष वेगळा आहे. उपचारानंतर पीएसए ज्या नीचांकाला पोहोचले, त्याच्यापेक्षा ते २ नॅनोग्रॅमने वाढले तर रोग उलटला असे समजतात.

यावेळी रुग्णाला काहीही होत नसते. लघवीचा त्रास नसतो, हाडे दुखत नसतात, वजनही घटत नाही. शेतात किंवा वाडीत तो नेहमीसारखे काम करत असतो. रोगाची एकमेव खूण रक्तात असते. हाडे दुखू लागेपर्यंत थांबले, तर रोग बहुधा बराच पसरलेला असतो.

हे किती जणांच्या बाबतीत घडते?

ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात प्रोस्टेट कर्करोगाचे सुमारे १४.७ लाख नवे रुग्ण आढळले. भारतातील आकडा ३८ हजारांच्या आसपास होता. पहिल्या उपचारानंतर पीएसए पुन्हा वाढणाऱ्यांचे प्रमाण युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत २७ ते ५३ टक्के दिले आहे. म्हणजे रोग उलटणे हा अपवाद नाही. त्याची तयारी पहिल्या उपचाराच्या दिवसापासूनच असायला हवी.

पण पीएसए वाढला म्हणजे मृत्यू जवळ आला, असेही नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने १९९९ मध्ये १,९९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. शस्त्रक्रियेनंतर त्यातील १५ टक्के रुग्णांचे पीएसए वाढले. त्यांना लगेच दुसरे औषध दिलेले नव्हते. तरीही पीएसए वाढल्यापासून रोग दूरवर पसरलेला दिसायला मध्यमानाने आठ वर्षे लागली आणि त्यानंतर मृत्यू यायला आणखी पाच वर्षे. म्हणून डॉक्टर आकड्याइतकेच त्याच्या वेगाकडेही पाहतात. पीएसए दुप्पट व्हायला वर्षाहून अधिक काळ लागत असेल, तर रोग बहुधा संथ असतो. काही महिन्यांतच दुप्पट होत असेल, तर घाई करावी लागते. हा वेग काढायला तारखांसह किमान तीन-चार अहवाल लागतात. एका चिठ्ठीवरून तो निघत नाही.

आधीच्या तपासण्या कमी कुठे पडत होत्या?

सीटी स्कॅन लसिकाग्रंथीचा, म्हणजे लिम्फ नोडचा आकार पाहतो. ती साधारण ८ ते १० मिलिमीटरहून मोठी असेल तरच संशय घेतला जातो. कर्करोग मात्र ४-५ मिलिमीटरच्या, दिसायला अगदी साध्या ग्रंथीतही असू शकतो. उलट, एखादी ग्रंथी जुन्या जंतुसंसर्गाने फुगलेली असते आणि तिच्यात कर्करोग नसतोच. हाडांच्या बोन स्कॅनचेही तसेच. पीएसए कमी असताना तो बहुतेक वेळा कोराच येतो.

त्यामुळे रोग उलटल्यावर डॉक्टरांना अंदाजाने वागावे लागे. ग्रंथी काढलेल्या जागी किरणोपचार द्यायचे, कारण रोग तिथेच राहिला असण्याची शक्यता मोठी. किंवा पुरुषी संप्रेरक रोखणारी इंजेक्शने सुरू करायची, कारण प्रोस्टेटचा कर्करोग त्या संप्रेरकावर पोसला जातो. ज्यांना इंजेक्शनांचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया हा पर्याय आजही वापरला जातो. त्याने रोग बरीच वर्षे दबतो, पण मुळातून जात नाही. शिवाय अंगातील ताकद घटणे, हाडे ठिसूळ होणे, अंगावर उष्णतेच्या लाटा येणे, हे परिणाम सोसावे लागतात.

पीएसएमए पेट स्कॅन नेमके काय करतो?

प्रोस्टेट कर्करोगाच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर ‘पीएसएमए’ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. पीएसए आणि पीएसएमए ही नावे सारखी वाटली तरी प्रथिने वेगळी आहेत. पीएसए रक्तात उतरते, पीएसएमए पेशीवरच राहते. या पीएसएमएला जाऊन चिकटणारा एक लहान रेणू तयार करून त्याला गॅलियम-६८ किंवा फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडतात. हे मिश्रण शिरेतून टोचले, की ते शरीरभर फिरते आणि जिथे पीएसएमए आहे तिथे साठते. साधारण तासाभराने रुग्णाला यंत्रात झोपवतात. पेट यंत्र किरणांचा उगम टिपते, सीटी त्याच जागेची शरीररचना दाखवते आणि दोन्ही चित्रे एकावर एक बसवली जातात. अंधाऱ्या रानात एखाद्या झोपडीतला दिवा दिसावा, तशी ती गाठ उजळून दिसते.

गॅलियम-६८ वर आधारलेली ही तपासणी जर्मनीतील हायडलबर्ग येथील संशोधनातून पुढे आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला डिसेंबर २०२० मध्ये परवानगी दिली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील ३०२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या उपचाराआधी रोगाचा पसारा ओळखण्यात पीएसएमए पेटची अचूकता ९२ टक्के, तर सीटी व बोन स्कॅनची मिळून ६५ टक्के आढळली.

उलटलेल्या रोगाबाबत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला ६३५ रुग्णांचा अभ्यास महत्त्वाचा आहे. पीएसए ०.५ पेक्षा कमी असताना ३८ टक्के रुग्णांत स्कॅनला काही दिसले. ०.५ ते १ दरम्यान हे प्रमाण ५७ टक्के, १ ते २ दरम्यान ८४ टक्के आणि ५ च्या वर ९७ टक्के होते. या आकड्यांतच एक पेच आहे. पीएसए वाढू दिले तर स्कॅन स्पष्ट येतो. पण ग्रंथीच्या जागी द्यायचे किरणोपचार सर्वाधिक लागू पडतात ते पीएसए ०.५ च्या खाली असतानाच. म्हणून ‘चित्र चांगले येईपर्यंत थांबू’ हा सल्ला अनेकदा महागात पडतो.

मुंबईचे यात काय स्थान?

या क्षेत्रात मुंबई मागे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ परळला १९६३ पासून आहे आणि देशातील पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये तिथेच बसला. शेजारी १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. टाटाच्या डॉक्टरांनी प्रोस्टेट कर्करोगावर केलेली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर चर्चिली गेली. ती उलटलेल्या रोगाबद्दल नव्हती, पण तिचा धडा इथे लागू आहे.

जास्त धोका असलेल्या २२४ रुग्णांचे त्यात दोन गट होते. एका गटाला फक्त प्रोस्टेटवर किरणोपचार दिले, दुसऱ्याला प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातील लसिकाग्रंथींच्या भागावरही. सुमारे ८० टक्के रुग्णांचा पीएसएमए पेट आधीच झाला होता आणि लसिकाग्रंथींत रोग दिसलेला नव्हता. तरीही पाच वर्षांनंतर पीएसए नियंत्रणात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ९५ टक्के होते. याचा अर्थ, ज्या ग्रंथी स्कॅनमध्ये कोऱ्या दिसत होत्या, त्यांपैकी काहींत रोगाचे कण होते. स्कॅन कितीही पुढारलेला असला तरी त्याच्या नजरेखालून काही तरी निसटतेच. अर्थात तोवर दोन गटांत एकूण जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नव्हता, हेही नोंदवायला हवे.

स्कॅनच्या मदतीने शस्त्रक्रिया कशी होते?

प्रोस्टेट आधीच काढलेल्या रुग्णाच्या ओटीपोटात एक-दोन लसिकाग्रंथी उजळून दिसल्या आणि बाकी शरीर स्वच्छ असेल, तर त्या काढून टाकण्याचा विचार होऊ शकतो. स्कॅन हा त्यासाठीचा नकाशा. पण नकाशा हातात असला तरी जागा सापडणे सोपे नसते. आधीच्या शस्त्रक्रियेचे व्रण, चरबी, मोठ्या रक्तवाहिन्या, मूत्रवाहिनी आणि मज्जातंतू यांच्या गर्दीत ४-५ मिलिमीटरची ग्रंथी शोधायची असते. ती हाताला लागत नाही, डोळ्यालाही वेगळी दिसत नाही. सर्जन नेमकी तीच सोडून शेजारची काढून येण्याची शक्यता खरी असते.

त्यावर जर्मनीतील म्युनिकच्या डॉक्टरांनी उपाय काढला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाला पीएसएमएला चिकटणारेच औषध टोचायचे, पण या वेळी त्याला टेक्नेशियम-९९एम जोडलेले असते. त्याचा अर्धायुकाल सहा तासांचा, म्हणजे दर सहा तासांनी किरणोत्सार निम्मा होतो. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेपर्यंत तो पुरतो. सर्जनच्या हातात पेनसारखा ‘गॅमा प्रोब’ असतो. तो रोगट ग्रंथीजवळ नेला, की आवाज वाढतो. ग्रंथी काढल्यावर तिच्यावर पुन्हा प्रोब धरून खात्री करतात आणि रिकाम्या झालेल्या जागेचीही तपासणी होते. भूलेखाली असलेल्या रुग्णाचे पोट बंद करण्याआधीच कळते, की शोधत होतो ती गाठ निघाली की नाही.

मग रोग बरा होतो का?

काहींचा होतो, बहुतेकांचा तात्पुरता मागे रेटला जातो. म्युनिक आणि हॅम्बर्ग येथील रुग्णांच्या मोठ्या अहवालानुसार या पद्धतीच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश रुग्णांचे पीएसए पुन्हा वाढलेले नव्हते. निम्म्याहून अधिक रुग्णांना तोवर दुसरा कोणताही उपचार घ्यावा लागला नव्हता. संप्रेरके रोखणारी इंजेक्शने दोन-तीन वर्षे लांबली, तर साठीतल्या काम करणाऱ्या माणसासाठी तेही थोडके नाही. पण शस्त्रक्रियेमुळे आयुष्य वाढते, असे ठोसपणे सिद्ध झालेले नाही. म्हणूनच मार्गदर्शक सूचना तिला आजही नेहमीच्या उपचारांच्या यादीत बसवत नाहीत आणि निवडक रुग्णांपुरतीच ठेवतात.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप व ऑस्ट्रेलियातील एका चाचणीने आणखी एक प्रश्न तपासला. पेट स्कॅनमध्ये ओटीपोटातील मोजक्या ग्रंथींत रोग दिसलेले १९६ रुग्ण तिच्यात होते. सर्वांना सहा महिने संप्रेरक उपचार मिळाले. एका गटात फक्त दिसलेल्या गाठींवर नेमका किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला संपूर्ण ओटीपोटावर किरणोपचार दिले. चार वर्षांनी रोग दूरवर न पसरलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६३ टक्के, तर दुसऱ्यात ७६ टक्के होते. परळच्या चाचणीचा धडा वेगळ्या रुग्णांत पुन्हा समोर आला. दिसले तेवढेच काढणे अनेकांना पुरत नाही.

स्कॅन फसतो कुठे?

लाळग्रंथी, मूत्रपिंडे, यकृत आणि लहान आतडे यांतही पीएसएमए औषध नैसर्गिकरीत्या साठते. काही मज्जागाठीही उजळतात आणि अननुभवी नजरेला त्या लसिकाग्रंथी वाटू शकतात. बरगडीतील जुनी इजा, भरून येत असलेले हाड आणि क्षयरोगाच्या गाठी यांतही औषध साठल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही. छातीत किंवा बरगडीत एक ठिपका दिसला म्हणून ‘कर्करोग सर्वत्र पसरला’ असे समजून उपचार सोडून देणे ही मोठी चूक ठरू शकते. शंका असेल तिथे सुईने तुकडा काढून तपासणे गरजेचे असते.

उलट बाजूने, काही रुग्णांच्या कर्करोगात पीएसएमए फारसे नसतेच. तिथे स्कॅन कोरा येतो, रोग मात्र असतो. म्हणून स्कॅन स्वच्छ आला तरी वाढते पीएसए दुर्लक्षित करायचे नसते. योग्य रुग्णात ग्रंथीच्या जागी किरणोपचार त्यानंतरही दिले जातात.

तिसरी अडचण उपचारांच्या क्रमाची. संप्रेरक रोखणारे इंजेक्शन आधी दिले, तर गाठी आक्रसतात, पीएसएमएचे प्रमाण बदलते आणि चित्र दिशाभूल करू शकते. म्हणून रोग उलटल्याचा संशय असेल, तर शक्यतो आधी स्कॅन आणि मग इंजेक्शन, असा क्रम ठेवतात. पीएसए वाढलेले पाहून जवळच्या दवाखान्यात त्याच दिवशी इंजेक्शन टोचून घेतले, तर पुढची वाट अंधूक होते. अर्थात मणका दबून पाय लुळे पडत असतील किंवा लघवी पूर्ण अडली असेल, तर हा नियम बाजूला ठेवून तातडीने उपचार करावेच लागतात.

डहाणू-तलासरीत अडते कुठे?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. डहाणू रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटरवर. एप्रिल २०१३ पासून तिथपर्यंत लोकल धावते. तलासरी मात्र मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेला खेटून, आणि गावाला रेल्वे स्थानक नाही. तिथल्या अनेकांना परळपेक्षा वापी, वलसाड किंवा सिल्वासा जवळ पडते. त्यामुळे एकाच रुग्णाचे पहिले निदान सीमेपलीकडे, शस्त्रक्रिया मुंबईत आणि पुढची औषधे तालुक्यात, असे होऊ शकते. कागद तीन ठिकाणी, तीन भाषांत. कर्करोग उलटल्याची शंका येते तेव्हा नेमके हेच कागद लागतात.

स्कॅनचे यंत्र तलासरीत का नाही, याचे एक कारण त्याच्या किमतीत आहे, तर दुसरे भौतिकशास्त्रात. गॅलियम-६८ चा अर्धायुकाल ६८ मिनिटे. मुंबईत तयार केलेली मात्रा महामार्गाने तीन तासांत तलासरीला आणली, तर तिचा जेमतेम सहावा हिस्सा उरेल. फ्लोरीन-१८ चा अर्धायुकाल ११० मिनिटे, त्यामुळे त्याचा तिसरा हिस्सा राहील. असे औषध मोठ्या शहरांच्या आसपासच वापरणे परवडते. त्यामुळे स्कॅनसाठी रुग्णाने शहरात जाणे अटळ आहे. एका दिवसात हे काम होऊ शकते.

पीएसएची तपासणी मात्र एकदा करून भागत नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा, असे साधारण वेळापत्रक सांगितले जाते. प्रत्येक वेळी त्यासाठी मुंबईला जायचे म्हटले, तर रोजंदारीवरचा माणूस दोन-तीन खेपांनंतर जाणे थांबवतो. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला बाहेर पडतात, काही पुरुष मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. पावसाळ्यापर्यंत ते गावात नसतात. तारीख नेमकी याच महिन्यांत आली, तर ती चुकते. पुढची तारीख कोणी आठवण करून देत नाही.

किरणोपचारांचा हिशेब आणखी कठीण. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सात आठवडे. डहाणूहून रोज जाऊन-येऊन हे झेपणारे नाही. मुंबईत राहावे लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा कर्करुग्णांना आधार देतात, पण घरातला आणखी एक माणूस सोबत अडकतो आणि दोघांची मजुरी बुडते. अशा वेळी ‘चार दिवसांत ऑपरेशन करून मोकळे होऊ’ हा पर्याय साहजिकच आकर्षक वाटतो. स्कॅनमध्ये गाठ दिसते आहे, मग काढून टाकली की झाले, हा तर्क सरळ वाटतो. पण तो नेहमी बरोबर नसतो. शस्त्रक्रियेनंतर पोटात लसिकाद्रव साठणे, पाय सुजणे, मूत्रवाहिनी किंवा मज्जातंतूला इजा होणे, हे धोके आहेत. किरणोपचारांनंतर उरलेले प्रोस्टेट काढण्याच्या शस्त्रक्रियेत लघवीवरील ताबा जाण्याचा धोका आणखी मोठा असतो. उपचार रोगाकडे पाहून ठरायला हवा. तो धर्मशाळेच्या भाड्यावरून ठरत असेल, तर तो आरोग्य व्यवस्थेचा दोष आहे.

किरणोत्साराची भीती किती खरी?

तारापूरचा अणुप्रकल्प १९६९ पासून याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे ‘किरणोत्सारी’ हा शब्द इथे अनोळखी नाही आणि त्याची धास्तीही. स्कॅनसाठी टोचलेले गॅलियम दर ६८ मिनिटांनी निम्मे होते. दुसऱ्या दिवशी त्याचा जवळजवळ मागमूसही उरत नाही. रुग्णाला भरपूर पाणी पिऊन वारंवार लघवी करायला सांगतात, कारण औषधाचा बराच भाग त्यावाटे जातो. त्या दिवशी काही तास लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून थोडे अंतर ठेवायला सांगतात. घरात वेगळी चूल, वेगळे ताट अशी काही गरज नसते. या भीतीने स्कॅन टाळण्याचे कारण नाही. स्कॅन गरज नसताना वारंवार करून घेण्याचेही नाही.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, पीएसएची तपासणी तालुक्यात आणणे. सरकारी आरोग्य केंद्रांत रक्ताचे नमुने गोळा करून ‘महालॅब’मार्फत तपासण्याची व्यवस्था राज्यात आहे. प्रोस्टेट कर्करोगाचे उपचार झालेल्या प्रत्येक पुरुषाचा पीएसए नमुना डहाणू, कासा किंवा तलासरीच्या सरकारी रुग्णालयात घेतला जावा आणि अहवाल त्याच्या फोनवर यावा. अशा रुग्णांची संख्या एका तालुक्यात फार मोठी असणार नाही. त्यांची नोंदवही ठेवणे आणि आशा कार्यकर्तीने तारखेची आठवण करून देणे एवढे काम आहे. स्थलांतरावर जाण्याआधी आणि परत आल्यावर, अशा दोन तारखा धरल्या तरी सहामाही वेळापत्रक बऱ्यापैकी पाळले जाते.

दुसरी गोष्ट, कधी पाठवायचे याचा साधा निकष तालुक्यातील डॉक्टरांच्या हाती असणे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे पीएसए दोनदा ०.२ किंवा अधिक आले, की त्याने कर्करोग रुग्णालय गाठावे. तोवर तातडीचे कारण नसेल तर संप्रेरकाचे इंजेक्शन सुरू करू नये. कर्करोग केंद्रातील तज्ज्ञांशी फोनवर किंवा व्हिडीओवर बोलून हे ठरवता येते. त्यामुळे निष्फळ फेऱ्या वाचतील आणि आवश्यक फेरी उशिरा होणार नाही.

तिसरी गोष्ट पैशांची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये आहे. पण योजना उपचारांच्या ठरलेल्या पॅकेजांवर चालते. त्यामुळे शस्त्रक्रियेबरोबर स्कॅनही त्यात बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून तारीख घेण्याआधीच विचारून घ्यावे. उपचार बदलू शकेल अशा रुग्णासाठी हा स्कॅन चैनीची वस्तू नाही, आणि सरकारने त्याला तसेच मानायला हवे. कर्करुग्णांना उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते पहिल्याच भेटीत मागून घेतलेले बरे.

शस्त्रक्रिया सुचवली गेली तर काय विचारावे?

स्कॅनमध्ये नेमक्या किती जागा दिसल्या आणि त्या सगळ्या ओटीपोटातच आहेत का, हे पहिले. पीएसए किती महिन्यांत दुप्पट झाले, हे दुसरे. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार किंवा इंजेक्शने तरीही लागतील का, हे तिसरे. शस्त्रक्रिया केली नाही तर पर्याय काय आणि त्याने काय साधते, हे चौथे. हा निर्णय सर्जन, किरणोपचारतज्ज्ञ आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर यांनी एकत्र बसून घेतला आहे का, हे पाचवे. वय सत्तरीपुढचे असेल, पीएसए संथपणे वाढत असेल आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा दुसरा आजार असेल, तर नियमित तपासणी करत थांबणे हाही योग्य सल्ला असू शकतो. असा सल्ला देणारा डॉक्टर रुग्णाला वाऱ्यावर सोडत नसतो.

घरच्यांनी एक काम आजच करण्यासारखे आहे. पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद, बायोप्सीचा अहवाल, किरणोपचारांचा तपशील आणि तारखांसह पीएसएचे सगळे आकडे एका फाइलमध्ये लावावेत. प्रत्येकाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवावा. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी, कारण प्रयोगशाळा बदलली की दशांशातले आकडे हलतात. परळच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभे राहिल्यावर डॉक्टर सर्वात आधी हीच फाइल मागतील. स्कॅन करायचा की नाही, आणि त्यानंतर शस्त्रक्रियेचा विचार करायचा की नाही, हे तिच्यातल्या आकड्यांवरून ठरेल.